चोवीस चौरस फूट

निवृत्त झालेल्या माणसाला लोक "आता वेळ कसा जातो?" असं विचारतात म्हणे. मला कुणी विचारलंच नाही. गेलं वर्षभर मला एकच प्रश्न येतोय आणि तोही एका शब्दाचा. "एकटीच?"

या एका शब्दाला किती सूर असतात ते आता मला ओळखता यायला लागलंय. पुण्याच्या वहिनींच्या "एकटीच?" मध्ये खरीखुरी काळजी असते. चुलत सासूबाईंच्या "एकटीच?" मध्ये 'मग ह्यांच्या जेवणाचं काय?' हे दडलेलं असतं. तळमजल्यावरच्या काकांच्या प्रश्नात थोडा हेवा असतो. आणि माझ्या वयाच्या बायका हाच प्रश्न जरा हळू आवाजात विचारतात. त्यांना पुढे आणखी काहीतरी विचारायचं असतं, पण ते ओठांवर येत नाही.

तर मंडळी, ज्यांच्यापर्यंत अजून बातमी पोचली नसेल त्यांच्यासाठी: मी एक जुनी, डब्यासारखी चौकोनी व्हॅन घेतली आहे. तिच्यात झोपायची, चहाची आणि उजेड-वाऱ्याची सोय करून घेतली आहे आणि महिन्यातून एकदा चार-पाच दिवस ती घेऊन मी बाहेर पडते. हो, एकटीच. नवरा धडधाकट आहे. आमचं भांडण झालेलं नाही. त्याला स्वतःची उशी आणि स्वतःचं बाथरूम सोडून कुठे जायला आवडत नाही, हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माहीत आहे. वरण-भात आणि बटाट्याची भाजी त्याला उत्तम जमते. मी नसले की तो मोठ्या आवाजात क्रिकेट बघतो. मी बाहेर, तो घरात, दोघंही मजेत!

फोनवर प्रत्येकाला वेगवेगळं सांगून दमले, म्हणून हे एकदाच सविस्तर लिहून टाकते.

आधी जागेबद्दल बोलू, कारण या गाडीचा किडा माझ्या डोक्यात रस्त्यामुळे नाही, जागेमुळे शिरला.

माझं लहानपण लालबागच्या चाळीत गेलं. दहा बाय बाराची खोली आणि आम्ही आठ माणसं. चाळीत वाढलेल्या कुणालाच यात नवल वाटणार नाही. अभ्यास गॅलरीत, भांडणं जिन्यात आणि रात्री अंथरुणं घातली की जमीन म्हणून दिसायची नाही. १९८८ साली लग्न होऊन वाशीला आले. सिडकोचं घर, एक खोली आणि स्वयंपाकघर. सिडकोची स्थापना १९७० ची, खाडीवरचा पहिला पूल १९७३ चा, पण लोकल वाशीला पोचायला १९९२ उजाडलं. तोवर नोकरीला जायचं म्हणजे पुलावरून बसने. घरात सासू-सासरे, धाकटे दीर, मग आमची दोन मुलं. पुढे त्यातल्या त्यात मोठं घर घेतलं, दोन बेडरूमचं. एक सासूबाईंची, एक मुलांची, आम्ही दोघं हॉलमध्ये. मुलं बाहेर पडली तेव्हा त्या खोलीत कपाटं, गाद्या आणि नवऱ्याची पुस्तकं शिरली.

ही तक्रार नव्हे हं. कुणी मुद्दाम काही केलं नाही आणि त्या गर्दीत मी सुखातच होते. पण साठी जवळ आली तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. मी आतून लावलंय आणि बाहेरून कुणी "काय गं, काय झालं?" असं विचारलेलं नाही, असं एकही दार माझ्या आयुष्यात आलेलं नाही. (बाथरूमचं सोडा. तिथेही पाच मिनिटांत टकटक!)

लोक अशी गाडी रस्त्यासाठी घेतात. मी दारासाठी घेतली.

आता गाडीकडे वळते. आपल्याकडे व्हॅन म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती मारुतीची. १९८४ साली आली, पुढे तिचं नाव ओम्नी झालं. ७९६ सीसीचं इंजिन पुढच्या सीटखाली आणि बाजूला सरकणारी दारं. शाळेची पोरं, गॅसच्या शेगड्यांची दुरुस्ती, रुग्णवाहिका आणि हिंदी सिनेमातली यच्चयावत अपहरणं हिनेच केली! २०१९ मध्ये ती बंद झाली. तिची धाकटी बहीण ईको २०१० मध्ये आली. या जातीच्या गाड्यांना सुंदर कुणी म्हणणार नाही. पण यांना नाक जवळजवळ नसतंच, त्यामुळे गाडीची बहुतेक सगळी लांबी माणसांच्या आणि सामानाच्या वाट्याला येते. भिंती उभ्या, छत सपाट. अगदी चाळीतल्या खोलीसारखी प्रामाणिक रचना. माझीही याच घराण्यातली, पाच सीटची, जुन्या बाजारातून घेतलेली. सीएनजीची मुद्दाम घेतली नाही. टाकी मागच्या बाजूला बसते आणि जिथे रात्री माझे पाय असणार तिथेच ती आली असती.

इथे कायद्याबद्दल चार ओळी लिहायलाच हव्यात, कारण परदेशातले व्हिडिओ बघून हुरळून जाणारे बरेच असतात. तिकडे लोक सीटा काढून टाकतात, छताला भोक पाडून पंखा बसवतात, आत बेसिन आणि गॅसचा ओटा बांधतात. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीने गाडी जशी बनवली आणि आरसी बुकात जशी नोंदली, त्याच्याशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात हे अगदी स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर शिक्षाही आहे. प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. खाजगी वापराची कॅम्पर व्हॅन असा वेगळा वर्ग वाहन नोंदणीत आहे आणि महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. पण तो रस्ता मान्यतेचा, तपासणीचा आणि नव्या नोंदणीचा. पेन्शनमधल्या बाईला तो परवडणारा नाही.

म्हणून मी एक नियम घालून घेतला. गाडीला हात लावायचा नाही. एकही भोक नाही, वेल्डिंग नाही, सीट काढणं नाही. आत जे काही असेल ते सगळं सुटं सामान. अर्ध्या तासात उतरवलं की गाडी पुन्हा पाच सीटची. फेरफार नाही, फर्निचर!

तुर्भ्याच्या एका दुकानातून बारा मिलिमीटर जाडीच्या वॉटरप्रूफ प्लायचे आठ बाय चारचे दोन तक्ते आणले. आमच्या स्वयंपाकघराचं काम केलेल्या मिस्त्रींना खाली पार्किंगमध्ये बोलावलं. मागच्या सीटची पाठ पुढे पाडली की पुढच्या सीटपासून मागच्या दारापर्यंत सहा फूट लांबी मिळते. रुंदी चार फूट. म्हणजे चोवीस चौरस फूट. माझी उंची पाच फूट एक इंच. आयुष्यात पहिल्यांदाच ती कुठेतरी कामाला आली.

मिस्त्रींनी मापं घेतली, पेन्सिल कानाला लावली आणि विचारलं, "मॅडम, पोळी-भाजी का धंदा करना है क्या?" झोपण्यासाठी आहे म्हटल्यावर क्षणभर थांबले. मग म्हणाले, "अकेली?" म्हणजे प्रश्नाचं हिंदी भाषांतरही मिळालं.

पण माणूस कामाला फार चोख. पलंगाच्या तीन फळ्या केल्या आणि लांब पियानो बिजागरीने जोडल्या, म्हणजे घडी करून उभ्या ठेवता येतात. खाली तीन खोके. एकात कपडे, एकात भांडी-शिधा, एकात बॅटरी आणि हत्यारं. कडा गोल घासल्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे सगळं गाडीतल्या आधीच असलेल्या हुकांना जाड पट्ट्यांनी करकचून बांधायची सोय केली. ही गोष्ट व्हिडिओवाले फारशी सांगत नाहीत. साठच्या वेगात ब्रेक दाबला की गाडी थांबते, सुटं फर्निचर थांबत नाही. ते तुमच्या मानेवर येतं.

वजनाचा हिशोब मात्र सोपा निघाला. प्लायचा एक तक्ता पंचवीसेक किलोचा, पाण्याचा वीस लिटरचा कॅन वीस किलोचा, बॅटरी सहा-सात किलोची, बाकी गादी, शेगडी, भांडी. गाडी पाच माणसांसाठी बनवलेली आहे आणि बसणारी मी एकटी. चार माणसांचं वजन शिल्लक राहतं आणि तेवढ्यात माझं सगळं घर मावतं. एकटीने जाण्याचा हा फायदा मी चुलत सासूबाईंना सांगून पाहिला. त्यांना पटला नाही.

खिडक्यांचं काम मी स्वतः केलं. काचांवर वर्तमानपत्र ठेवून आकार कापले. त्या मापाने चंदेरी बुडबुड्यांच्या शीटचे तुकडे केले आणि आतल्या बाजूने जुन्या इरकली साडीचं अस्तर शिवलं. बाहेरून चांदी, आतून इरकल. उन्हात गाडी निम्म्याने तरी कमी तापते आणि रात्री बाहेरून आतलं काही दिसत नाही.

विजेचा हिशोब विचारणारे भाचे-पुतणे बरेच आहेत, म्हणून तोही देते. बारा व्होल्टचा छोटा पंखा वीस वॉटचा, रात्री नऊ तास चालला तर १८० वॉट-तास. एक दिवा आणि फोन मिळून चाळीस-पन्नास. म्हणजे रात्रीला साधारण २३०. माझी लिथियम फॉस्फेटची बॅटरी १२.८ व्होल्ट, ५० अँपिअर-तासांची. गुणाकार केला की ६४०. दोन रात्री आरामात निघतात, तिसरी ओढाताणीची. घडीचं शंभर वॉटचं सोलर पॅनेल आहे. ते टपावर ठोकलेलं नाही, गाडी उभी असली की बोनेटवर पसरते. चांगल्या उन्हात दिवसाकाठी तीनशे-साडेतीनशे वॉट-तास देतं. जुलैमध्ये आपल्याकडे त्याचा उपयोग फक्त ताडपत्रीसारखा. बॅटरीच्या अगदी तोंडाशी फ्यूज हवाच, हे वायरमनने बजावलं होतं, तेच मीही बजावते.

एसी नाही. आणि इथे मला थोडं आवाज चढवून बोलायचंय. इंजिन चालू ठेवून, काचा बंद करून, एसी लावून उभ्या गाडीत झोपायचं नाही. कधीच नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही आणि झोपलेल्या माणसाला तो जागं करत नाही. अशा बातम्या दर एक-दोन वर्षांनी वाचायला मिळतात. शेगडीचंही तेच. माझी ब्यूटेनच्या डब्यावरची शेगडी कायम गाडीच्या बाहेर पेटते, धो धो पाऊस असला तरी. तेव्हा चहा नाही, चिवडा! दोन्ही बाजूंच्या काचा झोपताना बोटभर उघड्या असतात आणि त्यांना मच्छरदाणीचं कापड लावलेलं असतं. नाहीतर सकाळी काचेला आतून पाणी सुटतं. एकट्या माणसाचा श्वासही चोवीस चौरस फुटांत पुष्कळ होतो.

उकाड्यावर माझा उपाय म्हणजे भूगोल. हजार मीटर चढलं की तापमान साधारण सहा-साडेसहा अंशांनी उतरतं, हे शाळेत घोकलं होतं. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर आहे. वाशीला मे महिन्यात रात्री घामाच्या धारा लागतात तेव्हा वर घाटमाथ्यावर मी पंखा बंद करून चादर ओढते. कोकण थंडीसाठी राखून ठेवायचं, उन्हाळ्यात घाट चढायचा. पूर्वी मेंढपाळ जनावरांसाठी जे करत आले तेच मी स्वतःसाठी करते.

आणि आता तो हळू आवाजातला प्रश्न. "जायचं कुठे गं?" संडासाला, म्हणजे. तुम्ही विचारत नाही म्हणून मीच सांगते. मुंबईत २०११ पासून बायकांनी 'राइट टू पी' ही चळवळ चालवली. घराबाहेर पडलेल्या बाईचा अर्धा जीव कुठे अडकलेला असतो ते त्यांनी पहिल्यांदा मोठ्याने सांगितलं. आमच्या पिढीने नोकऱ्या केल्या त्या सकाळी पाणी न पिता. पेट्रोल पंपावर मोफत हवा, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह असणं बंधनकारक आहे आणि आता मी ते हक्काने मागते. किल्ली काउंटरवर असते, ती मागायची. लाजायचं नाही. शिवाय गाडीत घट्ट झाकणाची बादली, तिच्यात जाड पिशवी आणि लाकडाचा भुसा. पडदे लावलेले, दार आतून बंद. विश्वास ठेवा, या सगळ्या गाडीत माझ्या जिवाला सगळ्यात मोठा दिलासा देणारी वस्तू ती बादली आहे. आता मी प्रवासात पोटभर पाणी पिते.

रात्री कुठे थांबते? निर्जन जागी नाही. फोटोत दिसतो तसा कड्यावरचा एकांत मला नको आहे. देवळाचं आवार, भक्तनिवासाचं पार्किंग, कुणाचं परसदार (आधी विचारून, पैसे ठरवून) किंवा ट्रकवाल्यांच्या गर्दीचा उजळ पेट्रोल पंप. अंधार पडायच्या आत जागा ठरलेली असते. गाडीचं तोंड रस्त्याकडे, किल्ली ठरलेल्या जागी आणि नऊ वाजता घरी फोन. एकटं असणं म्हणजे कुणालाच ठाऊक नसणं नव्हे.

ट्रकवाल्यांचं नाव निघालं म्हणून सांगते. आमच्या कळंबोलीला ट्रकच्या रांगा उभ्या असतात, त्या एकदा नीट बघा. सीटमागे झोपायची फळी, बाजूच्या पेटीत स्टोव्ह आणि कणीक, आरशाजवळ देव, दोरीवर बनियन. व्हॅनमधलं घर ही काही मी किंवा इंग्रजी व्हिडिओंनी शोधलेली गोष्ट नाही. हे लोक वर्षानुवर्षं असेच राहतात. त्यांच्या केबिनला एसी सक्तीचा व्हायला १ ऑक्टोबर २०२५ उजाडला, तोही त्या दिवसापासून बनणाऱ्या ट्रकपुरता. आणि दिवाळीच्या आसपास मराठवाड्याकडून साखर कारखान्यांकडे निघालेले ट्रॅक्टर पाहिलेत? ट्रॉलीत भांडी, शेळी, पोरं, म्हातारी, पाचटाच्या कोप्या उभारायचं सामान. तिथे नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. त्यातल्या बाईला "एकटीच?" असं विचारायची वेळच येत नाही, कारण एकटं असणं तिला परवडतच नाही. आपल्याकडे विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात. ते पोटासाठी पाठीवर घेणं वेगळं आणि माझ्यासारखीने हौसेने घेणं वेगळं, हे मी विसरू नये म्हणून इथे लिहून ठेवते.

बाकी आपला प्रवास म्हणजे मुळात पाहुणचार. आपण प्रवासातल्या माणसाला विचारतो काय? "कुणाकडे उतरलात?" आमच्या शेजारच्या पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत जाऊन गंगेची कावड घेऊन परतले. त्यांचं 'माझा प्रवास' १९०७ साली छापलं गेलं. तशा काळातला प्रवास धर्मशाळांवर आणि यजमानांच्या ओसऱ्यांवरच चालायचा. अहिल्याबाईंनी देशभर धर्मशाळा, विहिरी, घाट बांधले ते याचसाठी. दुसऱ्याच्या आसऱ्याने जायचं, आपल्याकडे आलेल्याला आसरा द्यायचा, असा तो व्यवहार होता आणि तो सुंदरच होता.

फक्त बाईसाठी त्यात एक मेख असते. पुरुष पाहुणा आला की झोपाळ्यावर बसतो. बाई पाहुणी आली की दहा मिनिटांत तिच्या हातात सोलायला लसूण येतो. तिला कुणी सांगत नाही, तीच उठते. मीही आयुष्यभर उठत आले. गावं बदलली, स्वयंपाकघरं बदलली, ओटा तोच. लोकांना वाटतं मी नातेवाइकांना टाळायला गाडी घेतली. तसं नाही. मला एकदा यजमान होऊन प्रवास करायचा होता.

हे सगळ्यात जास्त लागलं ते वाईच्या मावशीला. आईच्या बहिणींमध्ये आता ती एकटीच उरली आहे. वय चौऱ्याऐंशी. गेल्या नोव्हेंबरात तिला फोन करून सांगितलं, "येतेय, पण झोपेन गाडीत, तुझ्या अंगणात." फोनवर बराच वेळ काही आवाज आला नाही. मग म्हणाली, "का? माझं घर काय ओस पडलंय?"

मी गेले. सुरूर फाट्यावरून आत वळताना पोटात गोळा आला होता, खोटं कशाला बोलू. तिने वाढलं सगळं, पुरणपोळीसकट, पण बोलली नाही. माझ्यासाठी माजघरात अंथरूण घालून ठेवलं होतं, वर धुतलेली चादर. ती चादर बघून मला फार वाईट वाटलं. क्षणभर वाटलं, जाऊ दे, एक रात्र झोपावं इथेच. पण मग वाटलं की आज झोपले तर पुढे कधीच समजावून सांगता येणार नाही. मी ती चादर उचलली आणि गाडीत नेऊन अंथरली. "तुझ्याच चादरीवर झोपते," म्हटलं. ती आत निघून गेली.

सकाळी साडेसहाला काठीचा आवाज आला. मावशी अंगणात उभी. "बघू तरी तुझा डबा." हात धरून आत बसवली. पलंगावर पाय खाली सोडून बसली. अस्तरावर हात फिरवला. "ही ताईची इरकल ना?" म्हणाली. आईचीच होती. मी बाहेर शेगडी पेटवून चहा केला, तिला कप दिला. नीट विचार केला तर इतक्या वर्षांत मावशीला मी माझ्या घरी चहा दिला तो पहिलाच. दर वेळी तिच्याच ओट्याशी केलेला असायचा.

"साखर कमी आहे," ती म्हणाली. मग जरा थांबून, "ते दार ओढ बघू."

मी आत येऊन बसायला लागले तर म्हणाली, "तू नाही. तू बाहेर थांब."

मी दार ओढलं आणि ओट्यावर जाऊन बसले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आतून काही हालचाल नाही. घाबरून काचेपाशी जाणार होते, तेवढ्यात आतून खाकरल्याचा आवाज आला, म्हणून परत येऊन बसले. मामेवहिनी बाहेर आली, "आत्या कुठे गेल्या?" मी गाडीकडे बोट दाखवलं. तिने तोंडाला पदर लावला. पण मग तीही गुपचूप माझ्याशेजारी येऊन बसली. कुणी हाक मारली नाही. अर्ध्या तासाने दार सरकलं.

"आत कुणी काही मागत नाही गं," एवढंच म्हणाली. उतरायला हात पुढे केला. उतरून झाल्यावर लगेच मूळ आवाज परत आला. "पुढच्या वेळी पण अंगणातच लाव. पण जेवायला आत यायचं. तिथे चहा-बिहा ठीक आहे, जेवण माझ्याकडे." असा आमचा तह झाला. हल्ली फोन आला की माझ्या आधी गाडीची चौकशी होते.

आता थोडं अलीकडचं. महिन्यातले पंचवीस दिवस गाडी वाशीलाच आमच्या बिल्डिंगखाली उभी असते. मध्यंतरी दुसऱ्या मजल्यावरच्या सूनबाई आल्या. घरी बाळ, सासू-सासरे आणि घरून ऑफिस. म्हणाल्या, "काकू, तुमची गाडी जरा बघू?" बघून झाल्यावर उगीच घुटमळल्या. मी म्हटलं, "वीस मिनिटं बस हवं तर. दार आतून लागतं. बाळाला मी बघते." त्या वीस मिनिटांच्या जागी चाळीस मिनिटं झोपल्या.

त्यांच्यानंतर आणखी तिघी बसून गेल्यात. कोण ते सांगणार नाही, तुम्हीही तर्क करू नका. पंखा डाव्या हाताला आहे, दिव्याचं बटण उशीशेजारी. वरचा कप्पा ओढला की खारे शेंगदाणे सापडतील. मी गावाला नसले तर गाडीची किल्ली आमच्या दारामागच्या खुंटीवर असते. बेल वाजवा, नवरा देईल. काही विचारणार नाही, मी त्याला सांगून ठेवलंय.